सहीची जागा

चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेयेला वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या एकमेकींजवळ येत जातात आणि संगमानंतर प्राणहिता हे नाव घेऊन गोदावरीकडे वाहतात. या दोन पात्रांच्या बेचक्यात गोंडपिपरी तालुका वसलेला आहे. वैनगंगेच्या पलीकडे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आहे, वर्धेच्या पलीकडे तेलंगणातील राजगोंडांचा मुलूख आहे, आणि त्यामुळे या भागाच्या बाजारात झाडीबोली, गोंडी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषा कानी पडतात. चित्रकलेच्या इतिहासग्रंथांत या मुलखाचे नाव क्वचितच येते, कारण ज्या शहरांत चित्रकारांनी आपली मते लिहून ठेवली, त्या मुंबई, बडोदे, कोल्हापूर आणि दिल्लीचेच ते बहुधा इतिहास असतात. परंतु कलावंताचे कलेविषयीचे मत केवळ त्याच्या लेखात किंवा मुलाखतीत सापडते असे मानण्याचे कारण नाही. केलेल्या कामावर त्याने नाव घातले की नाही, घातले तर ते समोर घातले की पाठीमागे, आणि घातले नसेल तर तो निर्णय त्याचा होता की दुसऱ्या कोणाचा, या गोष्टींतूनही त्याचे मत कळते. सहीच्या जागेचा हा इतिहास झाडीपट्टीच्या या मुलखातून पाहिला, तर अस्सलपणा किंवा मौलिकता या शब्दांचा अर्थ शहरातल्यापेक्षा पुष्कळ वेगळा दिसू लागतो.

प्रारंभ मार्कंडा येथून करणे योग्य ठरेल. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते त्या ठिकाणी, मध्ययुगीन देवळांचा समूह उभा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७० च्या दशकात मध्य प्रांतात केलेल्या दौऱ्यांच्या अहवालामुळे तो पुरातत्त्वाच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला. महाशिवरात्रीच्या यात्रेला जाणाऱ्या लोकांना मात्र तो कित्येक पिढ्या माहीत होताच. मुख्य देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर मूर्तींच्या ओळी एकीवर एक रचलेल्या आहेत आणि शिव, देवांगना, भक्त व मिथुने यांची ही गर्दी इतकी दाट आहे की सरळ सपाट दगड शोधावा लागतो. या ओळींसमोर थोडा वेळ थांबले की एक गोष्ट ध्यानात येते: ठेवण शास्त्राने ठरवून दिलेली असली तरी कमरेचा बाक, मान वळवण्याची तऱ्हा आणि बोटांचे टोक मूर्तिगणिक बदलते, आणि दोन वेगळ्या हातांचे काम शेजारीशेजारी असल्याचे जाणवते. पुढे वीज पडून देवळाचा भाग ढासळला आणि गोंड राजवटीत त्याची डागडुजी झाली. ती डागडुजी मूळ कामाहून ओबडधोबड आहे व वेगळी ओळखू येते. हात वेगळे ओळखू येतात, परंतु त्या हातांची नावे मूर्तिगणिक कोरलेली नाहीत.

या निनावीपणाचे स्पष्टीकरण मराठी कलालेखनात फार दिवसांपासून एकाच प्रकारे दिले जाते, ते असे की प्राचीन भारतीय शिल्पी आपले काम देवाला अर्पण करीत असे आणि म्हणून त्याला नावाचा मोह नव्हता. हे स्पष्टीकरण ऐकायला गोड असले तरी पुराव्यावर टिकत नाही. मार्कंड्यानंतर फार काळ लोटण्यापूर्वीच होयसळ राज्यात, आजच्या कर्नाटकात, मल्लितम्म आणि दासोज यांसारख्या शिल्पींनी मूर्तींच्या पायथ्याशी आपली नावे कोरली आहेत. त्याहून कितीतरी जुना पुरावा याच अरण्यपट्ट्याच्या ईशान्येला, छत्तीसगडमधील सरगुजा भागातल्या रामगढ टेकडीवर, जोगीमारा गुहेत आहे. ब्राह्मी लिपीतील त्या लेखात सुतनुका नावाच्या देवदासीवर प्रेम करणाऱ्या देवदिन्नाचा उल्लेख असून त्याला रूपदक्ष म्हटले आहे. रूपदक्ष म्हणजे रूप घडवण्यात निष्णात. मूर्तिकार किंवा चित्रकार असा त्याचा अर्थ लावला जातो आणि मराठीने तो शब्द आजही जपला आहे. सारांश, घडवणाऱ्याला नाव हवे असे आणि संधी मिळाली तर तो ते कोरीतही असे. जिथे नाव नाही तिथे नम्रता होती असे गृहीत धरणे म्हणजे नोंद ठेवणाऱ्यांची हयगय कारागिराच्या पुण्याईच्या खाती मांडणे होय.

चंद्रपूर शहरातील लालपेठ येथे हीच गोष्ट आणखी ठसठशीतपणे दिसते. तेथे एकेका अखंड दगडात कोरलेल्या प्रचंड मूर्ती उघड्यावर पडून आहेत, कारण ज्या देवळासाठी त्या घडवल्या गेल्या ते देऊळ कधी उभेच राहिले नाही. त्यांतील सर्वांत मोठी मूर्ती सुमारे २५ फूट लांबीची, अनेक मुखांच्या दुर्गेची आहे आणि मुखे पाहून लोक तिला रावण म्हणतात. रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याने हे काम आरंभले व त्याच्या मृत्यूमुळे ते थांबले, अशी परंपरा सांगते. पैसा देणाऱ्याचे नाव अशा रीतीने राहिले; छिन्नी धरणाऱ्यांपैकी एकाचेही राहिले नाही. ते हात स्थानिक होते की दुरून बोलावलेले आणि काम थांबल्यावर ते कोठे गेले, हे सांगणारा धागा मागे उरलेला नाही.

झाडीपट्टीत सहीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो तो नाटकाच्या पडद्यावर. झाडीपट्टी हे नाव चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील दाट झाडीच्या पट्ट्याला मिळालेले आहे आणि तेथील रंगभूमी दंडार, खडीगंमत यांसारख्या जुन्या लोकप्रकारांच्या आणि एकोणिसाव्या शतकात वाढलेल्या मराठी संगीत नाटकाच्या मिश्रणातून उभी राहिली. धानाची कापणी आटोपल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, गावोगावी मंडई आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतात आणि रात्री उघड्या मैदानात मंडप घालून पहाटेपर्यंत नाटक चालते. या व्यवसायाचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे असून २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीचे नाव देशभर पोहोचले. नटाचे नाव अशा प्रकारे पोहोचले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या नटाच्या पाठीमागे जो पडदा असतो त्याच्या चित्रकाराचे काय, हा विचार फारसा कोणी केलेला नाही.

१८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा रंगवलेल्या दृश्यांचे पडदे नव्हते. ते पुढे पारशी नाटक मंडळ्यांच्या प्रभावाने आले. राजवाडा, रस्ता, जंगल, बगीचा असे ठरावीक पडदे असत आणि झाडीपट्टीत या सगळ्या सरंजामाला आजही सीनसिनेरी म्हणतात. मांजरपाटासारख्या जाड कापडावर सरस आणि खडूचा हात देऊन त्यावर भुकटीचे रंग चढवायचे, ही त्याची जुनी रीत. रस्त्याच्या पडद्यावर दोन्ही बाजूंची घरे मध्याकडे लहान होत जातात आणि एका बिंदूत मिळतात. दूरचे लहान आणि जवळचे मोठे दाखवण्याच्या या युरोपीय पद्धतीला कलाशिक्षणात यथार्थदर्शन म्हणतात. तो पडदा मांडवातील दिव्यांच्या उजेडात, तीस-चाळीस हात अंतरावरून, हलत्या कापडावर खरा वाटला पाहिजे, म्हणून चित्रकार सावल्या गडद करतो, खिडक्यांच्या कडा दुप्पट जाड काढतो आणि जवळून पाहिल्यास भडक वाटेल असा पिवळा रंग हेतूने घालतो. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकातून येत नाही. मात्र या माणसाला कोणी चित्रकार म्हणत नाही. त्याला पेंटर म्हणतात.

पेंटर आणि चित्रकार या दोन शब्दांत मराठीने जे अंतर ठेवले आहे ते भाषेचे नसून सामाजिक प्रतिष्ठेचे आहे. दुकानाची पाटी, ट्रकची मागची बाजू, निवडणुकीची भिंत आणि नाटकाचा पडदा रंगवणारा तो पेंटर, आणि कॅनव्हासवर स्वतःच्या मनातले काढणारा तो चित्रकार, अशी ही वाटणी आहे. तिला मोठा अपवाद कोल्हापूरचा. बाबुराव कृष्णराव मिस्त्री (१८९०–१९५४) यांनी नात्याने भाऊ असलेल्या आनंदराव यांच्यासह नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, त्यातून नाव कमावले, पुढे स्वतः कॅमेरा तयार करून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला, आणि लोकांनी दिलेले बाबुराव पेंटर हे नाव अभिमानाने धारण केले. धंद्याचे नाव आडनाव व्हावे, हा सहीचा एक वेगळाच प्रकार आहे. कोल्हापूरला दरबार होता, गुणांची पारख करणारे छत्रपती होते, नाटक मंडळ्यांची स्पर्धा होती. वैनगंगेच्या काठच्या पेंटरला यांपैकी काहीही लाभले नाही, आणि दोघांच्या कीर्तीतले अंतर ठरवण्यात हातातील कौशल्याइतकाच या परिस्थितीचा वाटा आहे.

चित्रात चित्रकाराचे स्वतःचे, दुसऱ्या कोणाचे नसलेले, असे काही असले पाहिजे ही आज सर्वमान्य वाटणारी कल्पना महाराष्ट्रात कलाशाळांच्या वाटेने आली. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली, परंतु तिचे आरंभीचे शिक्षण नकलेचेच होते. पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून तंतोतंत रेखाटणे हा अभ्यासाचा पाया होता. मौलिकतेचा आग्रह बळावला तो १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या पिढीत. या पिढीशी विदर्भाचे नाते जवळचे आहे. गटाच्या संस्थापकांतील हरी अंबादास गाडे विदर्भातले. सय्यद हैदर रझा यांनी १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिक्षण घेतले. आणि पुढे १९५० मध्ये गटात आलेले वासुदेव गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरला एका गोमंतकीय कुटुंबात झाला.

कलावंताने कसे जगावे याविषयी गायतोंडे यांची मते इतकी कडक होती की त्यांच्या हयातीतच ती दंतकथेसारखी सांगितली जाऊ लागली. त्यांनी मुलाखती थोड्या दिल्या, त्यांत पुनःपुन्हा एकच सूत्र येते: चित्राचा आरंभ शांततेतून होतो, कॅनव्हास शांत, हात शांत, आणि ती शांतता पुरेशी साठल्याशिवाय रंग लावण्यात अर्थ नाही. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणावे हे त्यांना मान्य नव्हते. वस्तूचा आधार न घेणारे चित्र एवढेच वर्णन ते स्वीकारीत. रोलरने रंग पसरणे, सुरीने तो खरवडणे, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलणे अशा हालचालींतून थरावर थर चढत आणि उतरत, आणि वर्षाकाठी पाच-सहा चित्रे पुरी झाली तरी त्यांना ती पुरेशी वाटत. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी मुंबई सोडली, आणि पुढचे आयुष्य दिल्लीच्या निजामुद्दीन भागात एका लहान जागेत अविवाहित, एकटे आणि गाजावाजापासून दूर राहून काढले. अखेरच्या वर्षांत त्यांनी चित्रे काढणे थांबवले. चित्र मनात होत आहे तर ते कॅनव्हासवर उतरवण्यात शक्ती का खर्चावी, अशी त्यांची भूमिका होती.

गायतोंडे यांच्या कित्येक तैलचित्रांवर पुढच्या बाजूला काहीही लिहिलेले नसते. नाव आणि वर्ष कॅनव्हासच्या पाठीमागे, आणि अनेकदा देवनागरीत, असते. चित्रात नावाने व्यत्यय आणू नये, या विचाराशी ही जागा पूर्णपणे सुसंगत आहे आणि त्या सचोटीबद्दल आदरच वाटला पाहिजे. तरीही एक फरक नोंदवणे आवश्यक आहे. गायतोंडे यांना नाव मागे नेता आले, कारण ते नाव दालनांनी, समीक्षकांनी आणि संग्राहकांनी आधीच पुढे आणलेले होते. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला तेवीस कोटी रुपयांहून अधिक किंमत आली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. नाव सोडण्याचा अधिकार ज्याला नाव मिळाले त्यालाच असतो. मार्कंड्याच्या शिल्पीचे निनावीपण आणि गायतोंडे यांचे मौन एकाच मापाने मोजणे, जे अध्यात्माच्या भरात वारंवार केले जाते, ते म्हणूनच अन्यायाचे आहे.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी चित्रनिर्मितीविषयीचा विचार मराठीत लेखरूपाने मांडला. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे १९९० मधील पुस्तक चित्रकाराने चित्रकाराच्या भाषेत केलेल्या चिंतनाचा दुर्मीळ नमुना असून वस्तू, तिच्याभोवतीचा अवकाश आणि दोहोंतले नाते यांचा शोध त्यात आहे. विशेष म्हणजे बरवे वर्षानुवर्षे एनॅमल रंग वापरीत, म्हणजे जो रंग पेंटर दाराला आणि पाटीला लावतो तोच. पेंटर आणि चित्रकार यांच्यातली भिंत निदान डब्यातल्या रंगाने तरी मानली नव्हती.

रझा यांचा जन्म १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातील बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात होते. कक्कैया येथील शाळेत चंचल मुलाचे लक्ष एकाग्र व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत राहायला सांगितले, ही त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली आठवण. फ्रान्समध्ये तीसेक वर्षे काढून, यश मिळवूनही, हे आपले नाही ही बोच त्यांना लागली आणि १९८० च्या सुमारास तो ठिपका बिंदू होऊन त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला. मौलिकता म्हणजे पूर्वी कोणीच न केलेले करणे, ही तरुणपणीची समजूत सोडून, आपल्याला फार पूर्वी दिलेल्या गोष्टीकडे परतणे म्हणजे मौलिकता, या मतापर्यंत ते आले. जंगलातल्या रात्रीची भीती आणि गोंडांच्या नाचाने त्या भीतीवर मिळणारा दिलासा यांविषयी ते अखेरपर्यंत बोलत राहिले, आणि २०१६ मध्ये त्यांचे दफनही मंडल्यालाच झाले.

त्याच मंडला भागातल्या पाटनगढचा जनगढसिंह श्याम हा परधान समाजातला तरुण मात्र उलट्या बाजूने त्याच प्रश्नाकडे आला. परधान हे गोंडांचे कथागायक. गोंड यजमानांच्या घरी जाऊन कुळाची आणि देवांची कथा वाद्यावर गायची व बदल्यात दान घ्यायचे, हा त्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय. मंडल्याकडे त्या वाद्याला बाना म्हणतात आणि गोंडपिपरीच्या पलतीरावर आदिलाबादेत किंगरी. क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथात या संबंधाचे तपशीलवार वर्णन केले आहे. परधानाच्या दृष्टीने कथेत स्वतःचे काही घालणे हा गुण नसून दोष होता. कुळाचा देव चुकला तर यजमान त्याला टोकणार. तरीही प्रत्येक परधानाचा गळा वेगळा आणि रात्र कोठे ताणायची, कोठे आवरायची याचा हिशेब ज्याचा त्याचा असे. या परंपरेत अस्सलपणा म्हणजे विश्वास ठेवण्याजोगा असणे.

१९८१ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनासाठी कलावस्तू जमवणाऱ्या पथकाला जनगढ सापडला. भारत भवनाच्या कलादालनाचे प्रमुख, चित्रकार जे. स्वामीनाथन, यांचे ठाम मत असे की आदिवासी कलावंत हा भूतकाळाचा अवशेष नसून शहरी चित्रकाराइतकाच आजचा कलावंत आहे, आणि म्हणून त्यांनी दोघांची कामे एकाच छताखाली, बरोबरीने मांडली. जनगढने गाण्यातले देव कागदावर आणले. बडादेव, ज्याचा वास साजा वृक्षात मानतात, तो आधी कोणीही कागदावर उभा केलेला नव्हता. हा साजा म्हणजे झाडीपट्टीतला ऐन, ज्याला बोलीत येन म्हणतात, तोच. शरीर ठिपक्यांच्या आणि बारीक रेघांच्या ओळींनी भरून काढण्याची त्याची रीत इतकी स्वतःची होती की तिला पुढे जनगढ कलम हे नाव मिळाले, आणि त्याच्यानंतर आलेल्या परधान चित्रकारांपैकी प्रत्येकाने स्वतःचा वेगळा भराव शोधला: कोणी धान्याचे दाणे, कोणी मासोळीचे खवले, कोणी नुसत्या तुटक रेघा. जाणकार माणूस कोपऱ्यातले नाव न वाचता या भरावावरून चित्रकार ओळखतो, म्हणजे पृष्ठभाग हीच येथे सही झालेली आहे. तरीही जनगढ चित्राच्या पुढच्या बाजूला देवनागरीत आपले नाव लिहीत असे, आणि ज्यांची नावे कोणी कधी विचारली नव्हती अशा गायकांच्या वंशजाने ते लिहावे, यात अहंकार शोधणे चुकीचे ठरेल.

जुलै २००१ मध्ये, चाळिशीच्या आसपास, जपानमधील एका संग्रहालयासाठी काम करीत असताना जनगढचा तेथेच मृत्यू झाला. काही आठवड्यांनी, १० ऑगस्ट रोजी, गायतोंडे गेले. एकाच ऋतूत गेलेल्या या दोघांच्या चित्रांच्या किमती आणि त्यांच्यावर लिहिल्या गेलेल्या पानांची संख्या यांत जे अंतर राहिले, ते दोघांच्या कलेतले अंतर नव्हे.

महाराष्ट्रात याच स्वरूपाचा बदल वारली चित्रांत झाला. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचे पांढऱ्या रेघांचे चित्र, लिहिणे हे सवाष्णींचे काम होते. १९७० च्या दशकापासून जिव्या सोमा मशे यांनी त्या पांढऱ्या रेघेला लग्नाबाहेर नेले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज वारली आकृत्या कपांवर, पडद्यांवर आणि रेल्वेस्थानकांच्या भिंतींवर यंत्राने छापल्या जातात. या कलेला मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे एखाद्या वस्तूचे नाव विशिष्ट प्रदेशाशी व समूहाशी बांधणारी कायदेशीर नोंद, समूहाचे नाव जपते. त्यातल्या एकेका हाताचे नाव जपणे हे त्याचे कामच नाही. ते काम प्रताधिकार कायदा, १९५७ चे कलम ५७ करते: हक्क विकले गेले तरी ही कृती माझी आहे असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार त्याने मान्य केला आहे. हे कलम दिल्लीतल्या एखाद्या नामवंत शिल्पकाराला जितके लागू आहे तितकेच राजवाड्याचा पडदा रंगवणाऱ्या पेंटरलाही आहे.

अलीकडच्या वर्षांत झाडीपट्टीच्या मांडवात फ्लेक्सवर छापलेली दृश्ये दिसू लागली आहेत, कारण ती स्वस्त पडतात, पावसाने पुसली जात नाहीत आणि एका रात्रीत तयार होतात. हाताने रंगवलेले पडदे अडगळीत पडतील, उंदीर लागतील किंवा धानाच्या राशीवर झाकण म्हणून जातील. मार्कंड्याच्या शिल्पींची नावे विचारण्याची वेळ हजार वर्षांपूर्वी निघून गेली. पडदे रंगवणाऱ्यांपैकी पुष्कळ जण अजून हयात आहेत. गोंडपिपरी, मूल, सावली, चामोर्शी आणि वडसा येथील शाळा-महाविद्यालयांतील मराठीच्या व चित्रकलेच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून या पडद्यांची छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येकाखाली रंगवणाऱ्याचे नाव, गाव आणि वर्ष लिहावे, आणि रस्त्याच्या पडद्यावरील पिवळा रंग त्याने इतका भडक का लावला, हे त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.